खरात मॅडम आणि माझा कूलर

खरात मॅडमशी आमच्या कॉलेजात सगळ्यात जास्त भांडलेला माणूस मीच असेन. पल्याड त्यांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, अल्याड माझी लायब्ररी, आणि मधल्या भिंतीत लाकडी चौकटीची एक जुनी काचेची खिडकी. ही खिडकी उघडी ठेवायची की बंद, या एका प्रश्नावर आम्ही जितकी वर्षं घालवली, तितक्यात लोकांची कोर्टातली प्रकरणं निकालात निघतात.

माझी बाजू सरळ होती. जालन्याच्या उन्हाळ्यात वाचनकक्षात कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही. आमचा कूलर पत्र्याचा, कपाटाएवढा, आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडी लागते, नाही तर दमट हवा आतल्या आत कोंडते आणि पुस्तकांना वास सुटतो. समोरची खिडकी म्हणजे मॅडमच्या टेबलावर उघडणारी. कूलर सुरू झाला की पाच मिनिटांत खिडकीत अॅप्रन घातलेली त्यांची शिडशिडीत मूर्ती उभी राहायची.

"ग्रंथपाल, तुमच्या ह्या घरघरीनं माझी काचपट्टी थरथर करून राह्यलीय. खिडकी लावा."

एरवी त्या मला 'सर' म्हणायच्या. रागात असल्या की 'ग्रंथपाल'. मीही पदाला जागून खिडकी लावायचो नाही.

त्या काचपट्टीवर काय चालतं हे मी बरीच वर्षं विचारलंच नव्हतं. शेवटी एका दिवाळीत त्यांनी घरचे अनारसे आणले तेव्हा विचारलं. त्यांनी एक अनारसा उजेडासमोर धरला. "ही जाळी दिसून राह्यली ना सर? मला अशीच जाळी पाडायचीय. काचेवर सिलिकाचा पातळ थर द्यायचा, आन त्या थरात छिद्रं. केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढी बारीक."

"एवढ्या बारीक सुया कुठं मिळतात?" मी म्हणालो.

त्या खळखळून हसल्या. छिद्रं सुईनं नव्हे, साबणानं पडतात, असं त्यांनी मला समजावलं. साबणाच्या जातीचे रेणू द्रावणात घातले की ते आपापले घोळके करतात. सिलिका त्या घोळक्यांभोवती बसते. मग काचपट्टी भट्टीत तापवायची. साबण जळून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते, तेच छिद्र. "छिद्रं पाडणं अवघड न्हाई. सगळी एका मापाची, एका रांगेत बसवणं अवघड. ते जमलं तर अमक्या मापाचा रेणू आत जाईल, मोठा बाहेर राहील, अशी गाळणी करता येते." थराला तडे गेले किंवा छिद्रं विस्कटली की त्या म्हणायच्या, "आज फिल्म हसली." तुपात सोडलेला अनारसा विरघळून फुटला की बायका तो हसला म्हणतात, तोच शब्द त्यांनी प्रयोगशाळेत नेला होता. त्यांच्या विद्यार्थिनी तोंडी परीक्षेतही 'फिल्म हसली' म्हणायच्या आणि बाहेरून आलेले परीक्षक चक्रावून जायचे.

मॅडम राजूरजवळच्या एका खेड्यातल्या. वडील गिलाव्याचे मिस्त्री. त्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांबरोबर कामावर जायच्या आणि गिलावा झालेल्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायच्या. वडिलांच्या हाताचं त्यांना फार कौतुक होतं. थापी एकदा भिंतीला लावली की खालपासून वरपर्यंत न थांबता जायची. "मधे थांबला की तिथं वळ उठतो," त्या सांगायच्या. काचपट्टी द्रावणातून बाहेर काढायची तीही अशीच, एका चालीनं, अगदी सावकाश. त्यासाठी मिळणारं यंत्र आमच्या कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग मॅडमनी पाण्याच्या डब्यात एक तरंगता डबा सोडला, त्याला दोरा बांधला, दोरा कप्पीवरून नेला आणि दुसऱ्या टोकाला काचपट्टी टांगली. बाहेरच्या डब्यातलं पाणी दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीतून थेंब थेंब खाली पडायचं. पाणी उतरेल तसा तरंगता डबा खाली जायचा आणि काचपट्टी वर यायची. नळीची चकती फिरवली की वेग कमी-जास्त. मोटर नाही, म्हणून हादरा नाही. आता अशा यंत्राशेजारी माझा कूलर घरघरत असेल तर बाई चिडणार नाही तर काय करेल?

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मॅडम वहीत काहीही लिहायच्या. द्रावणाचं माप, भट्टीचा वेळ हे तर सगळेच लिहितात. त्या लिहायच्या, 'आज रस्त्यावर सळयांचे ट्रक फार.' 'आज मला सर्दी.' 'आज शेजारी कूलर, त्रास.' एवढं सगळं कशाला लिहिता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाचा उपयोग होणार ते आधीच कळलं असतं, तर प्रयोग कशाला केला असता?"

त्यांचे थर देण्याचे प्रयोग एप्रिल-मेमध्येच चालायचे, कारण बाकीचं वर्ष तास आणि प्रात्यक्षिकांत जायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरीशुभ्र साडी नेसून त्या आधी दोन तास प्रयोगशाळेत काम करायच्या आणि मग मिरवणुकीला जायच्या. तयार काचपट्ट्या कापसात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात भरायच्या आणि एसटीनं विद्यापीठात न्यायच्या. तिथं क्ष-किरणांच्या यंत्रात छिद्रं रांगेत आहेत की नाहीत ते कळायचं. छिद्रं रांगेत असतील तर आलेखात एक टोकदार शिखर उभं राहतं, नसतील तर नुसता उतार. निकाल कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं यायचा.

दोन उन्हाळे असे गेले आणि मॅडमना एक नियम सापडला. द्रावण ताजं असेल तर शिखर. चार-सहा दिवसांचं शिळं असेल तर उतार. म्हणजे छिद्रांची रचना द्रावणाच्या वयावर ठरते. त्यांनी लेख लिहिला, एका चांगल्या परदेशी नियतकालिकानं तो स्वीकारला, आणि तो छापण्याआधीच वाचून पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतून पत्र आलं. जानेवारीच्या अखेरीला आम्ही येतो, प्रत्यक्ष करून दाखवा, पटलं तर तीन वर्षांचा संयुक्त प्रकल्प आणि प्रयोगशाळेला लागणारी सगळी उपकरणं. प्राचार्यांनी फाटकावर फलक लावला. मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, "आपल्या पोरींना हे शिकायला जिल्ह्याबाहेर जावं लागणार न्हाई." त्यांना दुसरं काहीच नको होतं, हे मी शपथेवर सांगेन.

नोव्हेंबरात त्यांनी रंगीत तालीम म्हणून ताजं द्रावण केलं, थर दिले आणि डबा घेऊन विद्यापीठात गेल्या. उतार. पुन्हा केलं. उतार. तिसऱ्या वेळी निकाल येईपर्यंत त्या कोणाशी धड बोलत नव्हत्या. तिसरा निकालही उतारच होता.

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन लायब्ररीत आल्या. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या कूलरचं रजिस्टर हाय का?"

आता हे रजिस्टर काय, तेही सांगतो. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. नळ आला की सगळं भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. पाणी कूलरला किती जातं यावर मागं एकदा कुरबुर झाली, म्हणून नोंदीचं रजिस्टर सुरू झालं. कूलर भरायचं काम आमचे शिपाई शेख मामू करायचे. ऑफिसातल्या एकानं त्यांना सुचवलं होतं की रोज 'भरले' लिहून टाकत जा, कोण बघतंय. मामू म्हणाले होते, "साब, नै भरा तो भरा कैसा लिखूं?" त्यामुळे रजिस्टरात मामूंच्या वेड्यावाकड्या अक्षरात दोन्ही होतं. 'भरले.' 'भरले नाही, फक्त पंखा.'

मॅडमनी दोन तास वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून बोटानं एकेक तारीख जुळवली. मी चहा मागवला, तो साय धरून गार झाला. शेवटी त्यांनी वही मिटली.

"ग्रंथपाल," त्या म्हणाल्या. मी सावरून बसलो. "माझी छिद्रं तुमच्या कूलरनं पाडली."

नळ यायचा त्या दिवशी मॅडम डिस्टिल्ड वॉटर काढायच्या आणि त्याचं ताजं द्रावण करायच्या. त्याच दिवशी मामू कूलर काठोकाठ भरायचे. पुढं दिवस जायचे तसं द्रावण शिळं व्हायचं आणि इकडं कूलरही कोरडा पडायचा. पंखा घरघरायचा, म्हणून मॅडमच्या वहीत 'कूलर, त्रास' तसाच राहायचा, पण खिडकीतून येणारी हवा रखरखीत असायची. नोव्हेंबरात तर कूलरच बंद होता, म्हणून ताज्या द्रावणालाही उतार. ताज्या द्रावणाला म्हणून जे श्रेय दिलं, ते ओल्या हवेचं होतं. जिथं नळाला रोज पाणी येतं, तिथल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"काचपट्टी वर आली तरी थर लगेच पक्का होत न्हाई," मॅडम सांगत होत्या. "काही मिनिटं तो हवेतलं पाणी घेतो, आन त्या मिनिटांतच घोळके रांगेत बसतात. बापानं जन्मभर सांगितलं, गिलावा झाला म्हंजे काम संपलं न्हाई, वाळताना बघायचं. मी एवढ्या भिंतींवर पाणी मारलं. आन इथं पट्टी वर आली की पाठ फिरवून द्रावणाकडं बघत बसले." त्यांचा आवाज कापरा झाला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

पण नुसत्या तारखा जुळल्या म्हणून मानणाऱ्या त्या नव्हत्या. डिसेंबरच्या थंडीत आठवडाभर त्यांनी मला कूलर लावायला लावला. एक दिवस पाणी भरून, एक दिवस कोरडा. ताजं द्रावण आणि शिळं द्रावण, दोन्ही. मी कानटोपी घालून पुस्तकं देत होतो. अभ्यासाला आलेली मुलं शाली गुंडाळून बसली होती आणि ग्रंथपालांना काही तरी झालंय असं एकमेकांना सांगत होती. निकाल आला. शिळ्या द्रावणाची पट्टी ओल्या हवेत शिखर देत होती आणि ताज्या द्रावणाची कोरड्या हवेत हसत होती. संशय उरला नाही.

पाहुणे यायला दहा दिवस राहिले होते. मॅडम प्राचार्यांकडे गेल्या, आणि रजिस्टर दाखवायला मलाही घेऊन गेल्या, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"मॅडम, लेख छापून येऊ द्या," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कॉलेजचं भलंच बघत होता. "पाहुणे येऊन जाऊ द्या. त्या दिवशी कूलर लावू आपण, बिलकुल अडचण नाही. दुरुस्ती पुढच्या लेखात करा. छिद्रं तर खरी आहेत ना?"

"छिद्रं खरी हायत सर. कारण खोटं हाय."

"ते कोणाला कळणार आहे?"

मॅडम म्हणाल्या, "कुठंतरी एखादी पोरगी माझा लेख वाचंल. ताजं द्रावण करंल, आन तिची फिल्म हसंल. पुन्हा करंल, पुन्हा हसंल. माझा लेख चुकलाय असं तिला वाटणार न्हाई. तिला वाटंल तिचाच हात वाईट. मंग ती सोडून दील."

प्राचार्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक नियतकालिकाला: माझा निष्कर्ष चुकीचा आहे, लेख मागे घेत आहे. दुसरं पुण्याला: यायचं की नाही ते आता आपण ठरवावं. दोन्ही पत्रं पाठवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता चहा सांगा. गरम." पुण्याहून दोन ओळींचं उत्तर आलं, तूर्त भेट लांबणीवर. फाटकावरचा फलक उतरला. स्टाफरूममध्ये काही दिवस टवाळी झाली, कूलरचं संशोधन म्हणून. मीही पूर्वी अशा टवाळीत सामील व्हायचो. या वेळी उठून बाहेर आलो.

मॅडमनी पुढच्या आठवड्यात जुना जालना भागातून मासे ठेवायची काचेची मोठी पेटी आणली. तिच्यात सलाईनचं यंत्र बसवलं आणि तळाशी मिठाच्या दाट पाण्याच्या वाट्या ठेवल्या. बंद पेटीत मीठ हवेतली ओल एका ठरावीक मापावर धरून ठेवतं, आणि वेगळं मीठ वेगळं माप. ओल मोजायचं छोटं यंत्र त्यांनी विकत आणलंच, पण त्यावर विश्वास नको म्हणून पेटीत दोऱ्याला उडदाचा पापडही टांगला. पापड वाकला तर ओल आहे, कडकन मोडला तर नाही. मग एका सकाळी त्या फटी बुजवायची लांबी आणि ती लावायची पत्री घेऊन आल्या आणि आमच्या मधली ती खिडकी फटीफटीतून लिंपून बंद केली. हात खालपासून वर, न थांबता. "आता तुमच्या मेहरबानीवर काम चालवायचं न्हाई," त्या काचेपलीकडून म्हणाल्या. इतकी वर्षं मी हट्टानं उघडी ठेवलेली खिडकी माझ्यासमोर बंद झाली आणि मला वाईट वाटलं, हे कबूल करतो.

पुण्याचे पाहुणे वर्षभरानं आपण होऊन आले. त्यांतल्या वयस्कर प्राध्यापकांनी आधीच सांगून टाकलं, "बाई, लेख चांगले पुष्कळ येतात. असं पत्र मी नोकरीत पहिल्यांदा वाचलं. त्याच्यासाठी आलो." मॅडमनी त्यांच्यासमोर तीन वाट्या बदलून तीन पट्ट्या केल्या आणि आधीच कागदावर लिहून दिलं, हिच्यात छिद्रं सरळ नळ्यांसारखी रांगेत, हिच्यात जाळीसारखी, हिच्यात विस्कटलेली. पाहुणे पट्ट्या आणि कागद घेऊन गेले. आठवड्यानं फोन आला. तिन्ही तंतोतंत. मामूंनी त्या दिवशी स्वतःच्या खिशातून सगळ्या स्टाफला पेढे वाटले आणि मॅडमना दोन दिले.

प्रकल्प आला, उपकरणं आली. आज त्या प्रयोगशाळेत भोकरदन आणि अंबडकडच्या मुली पीएचडी करतात, आणि पहिल्या दिवशी त्यांना पापड मोडायला शिकवतात. नवा लेख छापून आला तेव्हा शेवटी आभारात लिहिलं होतं, 'शेख मामू यांचे, ज्यांनी पाणी भरले तेही लिहिले आणि भरले नाही तेही.' मामूंनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि इंग्रजीत आपलं नाव कुठलं ते बोट ठेवून पाहिलं. माझं नाव नव्हतं. मी तक्रार केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खिडकी उघडी ठेवली ती हट्टापायी. हट्टाचे आभार मानत नसतात, ग्रंथपाल." एवढा अभिमान मला माझ्या दुसऱ्या कुठल्याच हट्टाचा नाही.

गेल्या मेमध्ये त्या निवृत्त झाल्या. भाषणात त्यांनी वडिलांच्या थापीबद्दल चार वाक्यं सांगितली आणि बसल्या. दुपारी मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. मांडीवर ती जुनी माशांची पेटी, साडीत गुंडाळलेली. नव्या उपकरणांपुढं तिचा उपयोग संपला होता, म्हणून घरी नेत होत्या. रिक्षा सुरू झाली आणि त्यांनी बाहेर डोकं काढलं.

"सर, आज कूलरला पाणी भरलं का?"

"नाही मॅडम. नळच आला नाही."

"मंग तसंच लिवलंय ना?"

मी मान डोलावली. रिक्षा वळली, त्यांचा हात एकदा हलला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

मामू निवृत्त झाल्यापासून रजिस्टर मीच लिहितो. त्या सकाळी समारंभाच्या गडबडीत मी सवयीनं 'भरले' लिहून सही ठोकली होती. मी तसाच जिना चढून वर आलो, रजिस्टर उघडलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'भरले नाही, फक्त पंखा.'